घरच्या माणसाचे बार्थेल गुण कसे लिहायचे

डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या यादीखाली कुठेतरी ‘बार्थेल ३५’ असं खरडलेलं असतं, म्हणजे रोजची कामं माणूस किती स्वतः करतो याचे शंभरपैकी गुण. एमआरआयचा रिपोर्ट घरचे चार डॉक्टरांना दाखवतात, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतात. या आकड्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण घरी आणल्यावर माणसाजवळ कुणी थांबायचं, ब्यूरोतून मावशी लावायची तर दिवसपाळीची की चोवीस तासांची, पलंग कुठल्या खोलीत टाकायचा, हे एमआरआय सांगत नाही. त्याचा अंदाज या आकड्यावरून येतो. आणि तो घरच्या घरी काढता येतो, लागतात फक्त एक कागद, पेन आणि दोन दिवस.

पक्षाघात, खुब्याचं फ्रॅक्चर, पार्किन्सन किंवा नुसतं वय, कारण काहीही असो, ज्यांच्यावर अशा माणसाची देखभाल नुकतीच येऊन पडली आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. नर्सिंगच्या किंवा फिजिओच्या पहिल्या पोस्टिंगला निघालेल्या मुलामुलींनाही चालेल.

बार्थेल म्हणजे डोरोथिया बार्थेल, अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या फिजिओथेरपिस्ट. डॉ. फ्लोरेन्स माहोनी यांच्यासोबत त्यांनी १९६५ मध्ये रोजच्या दहा कामांची ही गुणपद्धत प्रसिद्ध केली. दोनच वर्षं आधी, १९६३ मध्ये, डॉ. सिडनी कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी सहा कामांची यादी दिली होती: आंघोळ, कपडे, संडास, उठबस, मल-मूत्रावरचा ताबा आणि जेवण. कॅट्झना त्यात एक क्रम दिसला. म्हातारपणी आणि आजारपणात साधारणपणे आंघोळ आधी हातची जाते, स्वतःच्या हाताने घास खाणं सगळ्यात शेवटी. म्हणून वडिलांना आंघोळीला हात द्यावा लागतोय एवढं जरी दिसलं, तरी बाकीच्या पाच गोष्टींकडे लक्ष ठेवायची वेळ आली असं समजा.

रोजची कामं हाच ज्यांचा अभ्यासाचा विषय, ते ऑक्युपेशनल थेरपिस्ट. आशियातली या विषयाची पहिली शाळा १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी सुरू केली, तरी आजही घरोघरी फिजिओ माहीत असतो आणि ‘ओटी’ म्हटलं की लोकांना ऑपरेशन थिएटर आठवतं. जवळच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात हा विभाग असेल, तर एकदा तरी रुग्णाला तिथे दाखवा.

आधी एकच नियम

माणूस काय करू शकेल ते लिहायचं नाही, काय करतो ते लिहायचं. १९८८ मध्ये इंग्लंडमध्ये या पद्धतीचे नियम नव्याने घोटून लिहिले गेले, त्यातही सगळा भर यावरच आहे. मदत कितीही थोडी असो, हाताची असो की तोंडी, कारण कोणतंही असो, ती मदतच. नुसतं शेजारी उभं राहावं लागत असेल तरी माणूस स्वावलंबी धरायचा नाही. याउलट काठी, वॉकर, कठडा, कमोडची खुर्ची वापरून कुणाच्याही मदतीशिवाय जमत असेल तर पूर्ण गुण. वस्तूची मदत चालते, माणसाची चालत नाही.

घरचे लोक इथेच घसरतात, आणि तेही दोन्ही बाजूंना. मुलगा म्हणतो, “बाबा सगळं स्वतः करतात हो, आम्ही फक्त जवळ असतो.” तो ‘फक्त’ दिवसाला सहा-सात तासांचा असतो. सून म्हणते, “आईंना काहीच जमत नाही,” आणि विचारल्यावर कळतं की त्यांना करूच दिलेलं नाही. वेळ लागतो, सांडतं, म्हणून भरवलं जातं. दोन्हीकडे गुण आज जे घडतं त्याचेच लिहायचे. भरवलं जात असेल तर जेवणाला शून्य. कारण शेजारी लिहायचं, कारण पुढे थेरपिस्टला काम करायचं असतं ते त्या कारणावर.

आजारापूर्वीचा कागद

पहिल्या दिवशी आजच्या स्थितीला हातच लावू नका. आजाराच्या पंधरा दिवस आधी माणूस काय काय स्वतः करत होता ते लिहून काढा. गुडघ्यांमुळे आजी दोन वर्षांपासून जिना उतरत नव्हत्या, तर पक्षाघातानंतर जिना जमत नाही हे नवं नुकसान नाही, आणि तिथवर पोचायचं उद्दिष्टही कुणी ठेवू नये. हा कागद नसेल तर प्रत्येक डॉक्टरला वेगळं उत्तर मिळतं. धाकट्या मुलाच्या आठवणीत आई दहा वर्षांपूर्वीचीच असते. जो रोज त्या घरात राहतो त्याला विचारा. कित्येकदा ती माहिती भांडी घासायला येणाऱ्या बाईंकडे सगळ्यात पक्की असते.

दोन दिवस नुसतं बघा

परीक्षा घ्यायची नाही. “बाबा, जरा उठून दाखवा” म्हटलं की बाबा जिद्दीने उठतात आणि रात्री दोनला लघवीला जाताना तेच बाबा पडतात. गेल्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत खरोखर काय झालं ते धरायचं. मल-मूत्राच्या ताब्यासाठी गेला आठवडा. रात्रीची माहिती रात्री जो जवळ झोपतो त्याच्याकडून घ्या. पार्किन्सन असेल तर गोळीनंतरचा तास आणि गोळीचा अंमल उतरल्यावरचा तास यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, तेव्हा वेळाही लिहा. सांधेदुखीची माणसं सकाळी वेगळी आणि दुपारी वेगळी असतात.

दहा बाबी

सगळे गुण पाचाच्या पटीत. अधलेमधले सात-आठ देता येत नाहीत, द्यावेसे वाटले तरी. मधला गुण द्यायचा तर निम्म्याहून जास्त कष्ट रुग्णाचे हवेत, असा अंदाज ठेवा.

जेवण, १० गुण. ताट वाढून हाताशी दिल्यावर नेहमीचं जेवण स्वतः जेवत असेल तर १०. भाकरी कुस्करून, पोळीचे तुकडे करून द्यावे लागत असतील पण घास स्वतः घेत असेल तर ५. भरवावं लागत असेल तर ०. इथे दोन गोष्टी आपल्याकडच्या. उजवा हात गेला असेल तर जुन्या वळणाच्या माणसांना डाव्या हाताने जेवणं नको वाटतं. डाव्या हातात चमचा धरायची ताकद असूनही ती भरवून घेतात. गुण शून्यच, पण शेजारी ‘डावा हात चांगला, संकोच’ असं लिहा. दुसरी गोष्ट ताटात बघायची. मेंदूच्या उजव्या भागात झटका आलेल्या काही रुग्णांचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. डोळे नीट असतात, पण ती बाजू त्यांच्या लेखी उरलेली नसते. आपलं ताट यासाठी फार सोयीचं: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर सगळं डावीकडे वाढलेलं. उजवीकडची भाजी चाटूनपुसून संपलेली, मधला भात उजव्या बाजूने अर्धा कोरलेला आणि डावीकडची आवडती चटणी जशीच्या तशी, असं रोज दिसलं तर ‘भूक नाही’ म्हणून सोडून देऊ नका. ताट फिरवून बघा. फिरवल्यावर चटणी खाल्ली, तर ती नोंद डॉक्टरांना आवर्जून सांगा. असा माणूस चालताना डावा खांदा दाराच्या चौकटीला धडकवतो, डावी बाही घालायची विसरतो. पुढच्या निम्म्या गुणांचं कोडं इथेच सुटतं.

आंघोळ, ५ गुण, सगळे किंवा काहीच नाही. मूळ यादी टब आणि शॉवरवाल्या घरांत लिहिलेली आहे. आपण असं धरायचं: पाणी काढून ठेवलेलं असेल तर चालेल, पण बाथरूममध्ये जाणं, स्टुलावर बसणं, तांब्याने पाणी घेणं, अंग चोळणं, पुसणं आणि बाहेर येणं हे कुणीही आत किंवा दाराशी न थांबता झालं पाहिजे. पाठीला साबण लावायला रोज कुणी लागतं? मग शून्य. कडक वाटेल, पण या खान्यात मधला गुणच नाही.

तोंड धुणं, दात किंवा कवळी, केस विंचरणं, दाढी, ५ गुण. ब्रशवर पेस्ट लावून हातात दिली तरी चालते. लांब केसांची वेणी घालणं एका हाताने अशक्यच. केस विंचरले जातात का एवढं बघा आणि पुढे चला.

कपडे, १० गुण. गुंड्या, चेन, नाडी धरून सगळं स्वतः केलं तर १०, निम्मं स्वतः तर ५. पण कोणते कपडे? आजारपणानंतर बहुतेक घरांत आजींना साडीतून गाऊनमध्ये आणलं जातं, आजोबांचा लेंगा जाऊन इलॅस्टिकची पॅन्ट येते. गुण आज जे घालतात त्याचे द्या आणि बाजूला ‘गाऊन, पूर्वी साडी’ लिहून ठेवा. साडी नेसता येणं हा काही जणींसाठी बरं होण्याचा खरा अर्थ असतो. गाऊनमधल्या १० गुणांवर त्या समाधानी नसतात आणि ते त्यांनी तोंडाने सांगितलेलं नसतं. विचारा.

शौचावर ताबा, १० गुण. आठवड्यात एखाद्या वेळी चूक झाली तर ५, त्याहून जास्त असेल किंवा ताबाच नसेल तर ०. एनिमा दुसऱ्याने द्यावा लागत असेल तरी पूर्ण गुण नाहीत.

लघवीवर ताबा, १० गुण. चोवीस तासांत जास्तीत जास्त एकदा कपडे ओले होत असतील तर ५. नळी आणि पिशवी असेल आणि तिची सगळी व्यवस्था रुग्ण स्वतः बघत असेल तर त्याला ताबा आहे असंच धरतात. दुसरा कुणी बघत असेल तर ०. डायपरबद्दल इथे गोंधळ होतो. सोय म्हणून रात्री डायपर बांधतात आणि सकाळी तो कोरडा निघतो, तर ताबा आहे. डायपर कोरडा निघत असूनही तो महिनोन्‌महिने बांधत राहणारी घरं पुष्कळ आहेत.

संडास वापरणं, १० गुण. हा ताब्यापेक्षा वेगळा प्रश्न आहे: तिथपर्यंत जाणं, कपडे सोडणं, धुणं, कपडे वर घेणं, परत येणं. धुता येतं आणि आणखी थोडंफार स्वतः जमतं, बाकीला हात लागतो, तर ५. रुग्णालयात उंच कमोड, भिंतीला दांडा आणि सपाट फरशी असते. घरी उंबरा, ओली फरशी आणि भारतीय पद्धतीचा संडास असतो. एकाच माणसाचे रुग्णालयातले आणि घरचे गुण वेगळे येतात ते यामुळे, आणि डॉक्टरांना हे सांगितल्याशिवाय कळत नाही. डावा हात लुळा पडला असेल तर धुण्याचा प्रश्न उभा राहतो. जेट स्प्रे उजव्या हाताशी बसवून तो बऱ्याच अंशी सुटतो, खर्चही किरकोळ. म्हाताऱ्या माणसाला मुलाकडून किंवा सुनेकडून धुऊन घेणं किती जड जातं हे मी लिहायला नको. पाणी कमी पिऊन, जेवण कमी करून संडासला जाणंच टाळणारे रुग्ण असतात. पाण्याचा तांब्या भरलेलाच राहतोय असं दिसलं तर हेही कारण मनात असू द्या.

पलंगावरून खुर्चीवर आणि परत, १५ गुण. एकट्याने १५, एका माणसाचा थोडा आधार किंवा नुसती नजर लागत असेल तर १०, चांगला दणकट एक माणूस किंवा दोन जण लागत असतील, पण बसवल्यावर बसता येत असेल तर ५, बसल्यावर तोलही राहत नसेल तर ०. देखभालीचं खरं ओझं इथे ठरतं. ५ गुणांच्या माणसाला रोज एकटी पासष्ट वर्षांची बायको उचलत असेल तर तुमच्याकडे लवकरच दोन रुग्ण होतील.

चालणं, १५ गुण. घरातल्या घरात, काठी-वॉकर चालेल, मूळ यादीत ५० यार्ड म्हणजे साधारण ४५ मीटर. कुणाचा हात किंवा सोबत लागली तर १०. चाकाची खुर्ची कोपऱ्यांवरून वळवत स्वतः चालवली तर ५. आपल्या फ्लॅटमध्ये ती खुर्ची बाथरूमच्या दारातून जात नाही हा पुढचा प्रश्न. आणण्याआधी दाराचं माप घ्या.

जिना, १० गुण. कठडा धरून, काठी सोबत घेऊन एकट्याने १०, मदतीने ५. तिसऱ्या मजल्यावर बिनलिफ्टच्या इमारतीत राहणाऱ्याला या शून्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

बेरीज आणि तिचा अर्थ

बेशुद्ध रुग्णाला सगळीकडे शून्य. बाकीच्यांची बेरीज करा आणि तारीख घाला. सर्रास वापरली जाणारी वाटणी अशी: २० पर्यंत पूर्ण परावलंबी, २१ ते ६० खूप जास्त, ६१ ते ९० मध्यम, ९१ ते ९९ किरकोळ. पण मला विचाराल तर बेरजेपेक्षा दहा आकड्यांची ओळ जास्त बोलकी असते. दोन माणसांचे गुण ६० असतील, एकाचे लघवी-शौचाचे गेलेले आणि दुसऱ्याचे चालण्या-जिन्याचे. दोन्ही घरांतल्या रात्री अगदी वेगळ्या.

शंभर म्हणजे ठणठणीत, असंही नाही. शंभर गुणांचा माणूस स्वयंपाक करू शकेल, एकटा राहू शकेल असं या गुणांवरून म्हणता येत नाही, हे मूळ लेखकांनीच तेव्हा बजावलं आहे. त्याला सेवेला माणूस लागत नाही, एवढाच अर्थ. विसराळूपणा सुरू झालेल्या माणसाचे गुण कित्येकदा शंभरच असतात आणि गॅस मात्र चालू राहिलेला असतो. त्यासाठी लॉटन आणि ब्रॉडी यांची १९६९ ची आठ कामांची वेगळी यादी आहे: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैशांचा व्यवहार. आपल्या आजोबांनी आयुष्यात कधी चहा केलेला नसतो, तेव्हा तिथे ‘जमत नाही’ आणि ‘कधी केलंच नाही’ वेगळं लिहा.

एक ओळ आपल्या पदरची घाला: जमिनीवर मांडी घालून बसणं आणि उठणं. बार्थेलमध्ये ही बाब नाही. देवपूजा, पंगत, भाजी निवडणं आणि पडल्यावर उठणं, सगळं त्यावर अवलंबून असतं.

कागद कुणाला, केव्हा

घरी आल्यावर तीन-चार दिवसांत पहिला कागद करा. पक्षाघातात पहिले काही महिने सुधारणेचे, तेव्हा महिन्याला एक. पुढे तीन महिन्यांनी, किंवा पडणं, ताप, औषधबदल असं काही झालं की लगेच. लिहिणारा माणूस शक्यतो तोच ठेवा. आठवडाभरात गुण एकदम वीसने घसरले तर ‘वय झालं’ म्हणू नका. वृद्धांमध्ये लघवीचा जंतुसंसर्ग, नवा झटका, औषधाची गुंगी अशीच उमटते, त्यासाठी डॉक्टर गाठा.

ओपीडीत डॉक्टरांकडे वेळ कमी असतो. “बरं वाटतंय का” ला रुग्ण “हो” म्हणतो आणि तपासणी संपते. तेव्हा आधीचा आणि आताचा, दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवा आणि कोणती बाब खाली आली त्यावर बोट ठेवा. रुग्णासमोर ‘हे अंगावर करतात’ असं मोठ्याने सांगू नका, कागद त्यासाठीच आहे.

दिव्यांग प्रमाणपत्राचे टक्के वेगळे

बार्थेल ६० म्हणजे ४० टक्के दिव्यांगत्व, असं गणित लोक मांडतात. ते चूक आहे. प्रमाणपत्राचे टक्के केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ठरतात आणि तिथे सांध्यांची हालचाल, स्नायूंची ताकद, तोल अशा गोष्टी मोजतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, आधार, फोटो आणि उपचाराचे कागद जोडायचे, मग दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणीला जायचं. स्थिती अजून बदलत असेल तर डॉक्टर थांबायला सांगतात किंवा ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र देतात. त्यावर वाद घालून उपयोग नसतो.

तरीही तुमचा कागद तिथे वाया जात नाही. २००१ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये हातासाठी दहा कामांची तपासणी सांगितली होती, प्रत्येकी ९ टक्क्यांची, आणि ती यादी अस्सल देशी होती: आपल्या पद्धतीने हाताने जेवणं, ग्लासने पाणी पिणं, शौचानंतर धुणं, केस विंचरून वेणी, सदरा घालणं, गुंड्या लावणं, नाडी बांधणं, लिहिणं वगैरे. पायासाठी सपाट जागी आणि उतारावर चालणं, जिना, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकणं, वळणं. यातली निम्मी उत्तरं तुम्ही आधीच तारखेसह लिहिलेली असतात. तपासणीला जाताना ती प्रत, डिस्चार्ज कार्ड आणि तपासण्यांचे रिपोर्ट एकाच फाइलमध्ये ठेवा, रुग्णाला रोजचेच कपडे घालून न्या, वापरत असेल ती काठी किंवा वॉकर सोबत घ्या, आणि रांग मोठी असते म्हणून पाणी, दुपारची गोळी आणि बदलायचे कपडे पिशवीत टाका.